कॅश क्लायंटमध्ये ट्रेसिंग टाकताना

प्रश्न : आमची रेडिससाठीची (डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारा सर्व्हर, आम्ही कॅश म्हणून वापरतो) छोटी क्लायंट लायब्ररी आहे, बऱ्याच टीम वापरतात. तिच्यात ओपनटेलिमेट्री (कुठल्या कामाला किती वेळ लागला ते नोंदवायचं, म्हणजे ट्रेसिंगचं साधन) टाकायचंय, पण लायब्ररी जड होईल अशी भीती वाटते. आणि स्पॅनला (ट्रेसमधली एका कामाची नोंद) नाव काय द्यायचं, त्यात की (key, ज्या नावाखाली डेटा साठवतो ते) टाकली तर चालेल का?

उत्तर : भीती रास्त आहे, पण उपाय सोपाय. लायब्ररीत फक्त ओपनटेलिमेट्रीच्या एपीआयची (नुसते कॉल देणारा भाग) डिपेन्डन्सी घ्या, एसडीके (प्रत्यक्ष नोंदी करून पाठवणारा भाग) अजिबात नको, तो ज्या टीमचं ॲप आहे ती लावेल आणि नाही लावला तर एपीआयचे कॉल काहीच न करता परत येतात, म्हणजे ज्यांना ट्रेसिंग नकोय त्यांना जवळपास काही भार नाही.

नावात की मात्र चुकूनही घालू नका! 'गेट युजर ४८२१३' असं नाव दिलं की प्रत्येक युजरसाठी स्पॅनचं वेगळं नाव दिसतं आणि ग्रुपिंगची पार वाट लागते. नाव नुसतं 'गेट' ठेवा, प्रकार क्लायंट, सर्व्हरचा पत्ता ॲट्रिब्यूटमध्ये (स्पॅनला जोडलेली जादा माहिती). व्हॅल्यू (कीखाली साठवलेला डेटा) तर कधीच नोंदवू नका, त्यात टोकन असतात, लोकांची खासगी माहिती असते.

अजून एक, हे खूप जण चुकवतात : कॅश मिस (मागितलेली की कॅशमध्ये न सापडणं, सापडली तर हिट) म्हणजे एरर नाही हो. हिट झालं का मिस हे ॲट्रिब्यूटमध्ये लिहा, एरर स्टेटस फक्त टाइमआउट किंवा कनेक्शन तुटलं तरच.

पाइपलाइनमध्ये (अनेक कमांड एकदम पाठवणं) १०० कमांड असतील तर १०० स्पॅन कशाला, पूर्ण बॅचला एकच पुरे. आणि पूलमधून (वापरायला तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) कनेक्शन मिळायची वाट बघण्यात गेलेला वेळ वेगळा दिसू द्या, कारण कितीदा तरी रेडिस झटपट उत्तर देत असतो आणि सगळा उशीर तिथेच झालेला असतो.