लाकडासारख्या दिसणाऱ्या खिडक्यांच्या चौकटी आणि पट्ट्या पांढऱ्या रंगवाव्यात का?

खिडकीभोवती भिंतीवर बसवलेल्या पट्ट्या खुशाल रंगवा. चौकट आणि पल्ले मात्र कशाचे आहेत हे पाहिल्याशिवाय त्यांना ब्रश लावू नका. फिकट भिंतींवर तपकिरी चौकटी जड दिसतात आणि खोली अंधारी वाटते, ही तुमची तक्रार आहे. त्यातला मोठा वाटा बहुतेकदा रुंद पट्ट्यांचा असतो. त्या पांढऱ्या झाल्या की काचेभोवती फक्त एक अरुंद तपकिरी रेघ उरते आणि ती मुद्दाम ठेवल्यासारखी दिसते. म्हणून आधी पट्ट्या करा, थोडे दिवस तसंच राहू द्या आणि मग चौकटींचं ठरवा. चौकटीवर लाकडासारखं दिसणारं फॉइल, म्हणजे चिकटवलेला पातळ थर असेल, तर रंग दिल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही.

साहित्य ओळखायला पल्ला उघडून त्याची आतली कड पाहा. लाकडाच्या रेषांचा थर एका ठिकाणी संपून खाली साधं प्लास्टिक दिसलं, तर ते फॉइल चिकटवलेलं यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांसाठीचं कडक प्लास्टिक. हाताला गार लागलं, ठोकल्यावर धातूचा आवाज आला आणि चुंबक चिकटलं नाही, तर पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम. पट्टीचं कापलेलं टोक दाबलेल्या भुशासारखं एकसंध असेल तर एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), टोकालाही रेषा असतील तर खरं लाकूड.

खऱ्या लाकडाला रंग चांगला धरतो, पण लाकडातला तपकिरी अंश पांढऱ्यातून पिवळट डागांसारखा वर येतो, विशेषतः गाठींवर. रंगाचे कितीही हात दिले तरी तो थांबत नाही. त्याला डाग अडवणारा, शेलॅकचा (लाखेचा) प्रायमर लागतो. एमडीएफच्या पट्टीवर कागदी फॉइल असेल तर फार घासू नका, कागद फाटून तंतू उभे राहतात. उघड्या कडा पाणी पितात, त्यामुळे तिथे प्रायमरचे दोन हात द्या.

यूपीव्हीसी आणि अॅल्युमिनियम रंगवता येतं, पण सगळा भार तयारीवर असतो. फॉइल कडेला सुटलेलं असेल तर रंगवू नका, ते निघताना रंगही घेऊन जाईल. हमी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचा. गडद रंगावरून पांढऱ्याकडे जाताना उष्णतेचा धोका नाही. पांढरं यूपीव्हीसी गडद रंगवलं तर मात्र ते उन्हात जास्त तापून वाकू शकतं.

तयारी अशी: तेलकटपणा काढणाऱ्या साबणाने धुवा, साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. मग २२० ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चमक जाईल इतकंच घासा, धूळ काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. यूपीव्हीसीवर अॅसिटोन किंवा थिनर वापरू नका, पृष्ठभाग मऊ पडतो. काचेच्या कडेचं सिलिकॉन जिथे जिथे पसरलंय तिथे रंग फाटून गोल खळगे पडतात, म्हणून ते आधी खरवडून काढा. त्यानंतर गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बॉंडिंग प्रायमर एक हात आणि पाण्याच्या अॅक्रिलिक-युरेथेन इनॅमलचे दोन पातळ हात द्या. तपकिरीवर कधी तिसराही लागतो. तेलाचा पांढरा रंग कमी उजेडात पिवळा पडतो, म्हणून आत तो टाळाच.

सगळीकडे लावण्याआधी एका न दिसणाऱ्या कोपऱ्यात प्रायमर आणि रंग लावून आठवडाभर थांबा. ब्लेडने त्यावर बारीक चौकडी काढा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंगाचे तुकडे निघाले तर चौकटीचा विचार सोडा.

निर्णयाआधी आणखी काही गोष्टी लक्षात घ्या. फॉइलवर लाकडाच्या रेषा उठावाच्या असतील तर त्या पांढऱ्यातूनही दिसतात. फटी बंद करणारी काळी रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, तपकिरीत लपतं, पांढऱ्याशेजारी ठळक काळी रेघ होते, आणि ते रंगवता येत नाही, कारण रबर दबलं की रंग तडकतो. तपकिरी कड्या आणि बिजागऱ्याही उठून दिसतील. पांढऱ्याची छटा छताच्या पांढऱ्याशी जुळवा, नाहीतर शुभ्र पट्टीशेजारी क्रीम भिंत मळकी वाटते. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चौकटीवर चिकटवून सकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहिलं की यातलं बरंच काही आधीच कळतं.

रंग फार लागत नाही. १.२ बाय १.५ मीटरच्या खिडकीचा घेर ५.४ मीटर. पट्टी १० सेंटीमीटर रुंद धरली तर क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर होतं. लिटरला १० चौरस मीटर या हिशोबाने दोन हातांना १०० ते १२५ मिली पुरतात.

पल्ले रंगवलेच, तर पल्ला आणि चौकट एकमेकांना टेकतात त्या जागा आणि पाणी निघायची छिद्रं कोरी सोडा. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढा, वाळल्यावर ओढला तर कडेचे पोपडे निघतात. रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पल्ला शक्यतो किंचित उघडा ठेवा आणि काच पुसताना कडांवर ओलं फडकं घासू नका.