वाचकांचे प्रश्न : होडीवरची वायर, खाडीतला गाळ आणि सहाशे मीटरची चूक

सेल्फ मारला की फिश फाइंडर (आवाज सोडून खोली आणि मासे दाखवणारं मशीन) आणि जीपीएस बंद होऊन पुन्हा सुरू होतात. बॅटरी नवीनच आहे. मशीन बदलावं का?
– दिवाळे, बेलापूर

अजिबात नको. आधी मल्टिमीटर काढा. सेल्फ फिरताना स्टार्टर खूप करंट ओढतो, बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर नऊ-दहापर्यंत घसरतं आणि १२ व्होल्टची बरीचशी मशीनं तिथेच मान टाकतात.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर न वापरलेल्या, पूर्ण चार्ज बॅटरीच्या पोलवर १२.६ ते १२.७ दिसायला हवं. १२.२ म्हणजे ती अर्धी उतरली आहे, नवी असली तरी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि एकदा पोलवर, एकदा मशीनच्या प्लगवर मोजा. पोलवर १०.५ आणि प्लगवर ९ आलं, तर दीड व्होल्ट वाटेतच गेला. फिश फाइंडर जेमतेम एक अँपिअर घेतो. त्यामुळे मशीनची वायर स्वतंत्र असेल, तर एवढा फरक नुसत्या बारीक वायरीने पडत नाही. जोड गंजलेला असतो.

जोडावरची टेप सोलून पाहा. तांब्यावर हिरवी पूड दिसेल. टेप खारं पाणी अडवत नाही, आत धरून ठेवते, आणि ते पाणी तारांमधून इन्सुलेशनखाली पुढे झिरपतं. म्हणून तांबं लख्ख दिसेपर्यंत वायर मागे कापत जा. वीतभर कापावी लागली तरी हात आखडू नका. नवी वायर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्या, जोड क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा) आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. घरातल्या वायरिंगची प्लास्टिक कनेक्टर पट्टी होडीवर नको.

कायमचा उपाय म्हणजे मशीनांना वेगळी बॅटरी. छोट्या होडीला ३५-४० एएचची पुरते. दोन्ही चार्ज व्हाव्यात, पण एकीचा करंट दुसरीतून ओढला जाऊ नये म्हणून मध्ये आयसोलेटर लावा. नुसत्या वायरीने दोन्ही एकत्र बांधल्या, तर सेल्फ दोन्हींना ओढेल आणि दुखणं होतं तिथेच राहील. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. फिश फाइंडरला साधारण ३ अँपिअरचा आणि २५ वॅटच्या व्हीएचएफ रेडिओला (बोटीवरच्या बिनतारी संचाला) १० अँपिअरचा फ्यूज चालतो, पण मशीनसोबतच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. व्हीएचएफ बोलताना पाच-सहा अँपिअर घेतो. बॅटरी सहा मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन बारा मीटर वायर होते. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत सुमारे ०.९ व्होल्ट जातो, चारच्या वायरीत ०.३. इथे मात्र जाड वायरच घ्या. हे सगळं काम पावसाळी बंदीत, होडी किनाऱ्यावर असताना उरकावं.

ओहोटीला फिश फाइंडर १.८ मीटर दाखवतो, बांबू मात्र अडीच मीटर खाली जातो. खरं कोण?
– वाशी कोळीवाडा

दोन्ही खरे असू शकतात. ठाणे खाडीचा तळ मऊ गाळाचा आहे आणि गाळावर पातळ चिखलाचा थर तरंगत असतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज त्या थराच्या माथ्यावरूनच परत फिरतो, बांबू मात्र त्यातून आरपार जातो. मशीनमध्ये ५० किलोहर्ट्झही असेल, तर दोन्ही एकदम लावून बघा. तो आवाज चिखलात आणखी खोल शिरतो. पडद्यावर वरखाली दोन रेषा आल्या, तर त्यांच्यामधला भाग पातळ चिखल समजा.

होडी हाकताना २०० चा, म्हणजे कमी खोलीचा आकडा धरा. पातळ चिखलात पंखा फिरेलही, पण आउटबोर्ड थंड ठेवायला ओढलं जाणारं पाणी गाळाचं असेल तर पंपाचा रबरी इंपेलर झिजतो आणि इंजिन तापतं. खुंट रोवताना किंवा नांगर टाकताना बांबूचंच ऐका.

त्याआधी एक तपासा. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल आणि ऑफसेट (मशीन खोलीत मिळवतं तो आकडा) शून्यावर असेल, तर मशीन कायम ३० सेंटिमीटर कमीच दाखवणार. टणक तळाच्या जागी जा. तिथे पडद्यावर तळाची रेषा जाड, ठळक असते आणि उथळ पाण्यात दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावलीही दिसते. तिथे वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजा आणि जेवढा फरक येईल तेवढा ऑफसेट भरा. गाळावर हे करू नका, मोजमापच चुकेल.

दुसऱ्या बोटीने फोनवर सांगितलेली जागा प्लॉटरमध्ये (नकाशावर जागा दाखवणाऱ्या जीपीएस मशीनमध्ये) टाकतो, पण बोया अर्धा किलोमीटरहून लांब सापडतो. जीपीएस खराब आहे का?
– उत्तन

लिहिण्याची पद्धत जुळत नाही. समोरचा '१९ अंश १५.५०' सांगतो, म्हणजे साडेपंधरा मिनिटं, म्हणजेच १५ मिनिटं ३० सेकंद. तुमचं मशीन अंश-मिनिटं-सेकंदावर असेल तर तुम्ही १५ मिनिटं ५० सेकंद भरता. वीस सेकंद जास्त झाले. अक्षांशाचं एक मिनिट १,८५२ मीटर, त्यामुळे बोया ६१७ मीटर लांब गेला. पॉइंटनंतर ६० च्या पुढचा आकडा असला की मशीन तो घेतच नाही, म्हणून ही चूक कधी होते, कधी होत नाही, आणि दोष जीपीएसवर जातो.

सगळ्या बोटींनी अंश आणि दशांश मिनिटं हीच पद्धत ठेवावी, आणि मशीनच्या सेटिंगमध्ये डेटम (जागा मोजण्याचा आधार) डब्ल्यूजीएस ८४. मोबाइलचा नकाशा १९.२५८३ असं दाखवत असेल, तर पॉइंटनंतरच्या भागाला ६० ने गुणा : ०.२५८३ गुणिले ६० म्हणजे १५.५० मिनिटं.

रात्री एलईडी लावले की व्हीएचएफवर लांबची बोट ऐकू येत नाही.
– करावे, नेरूळ

स्वस्त एलईडीच्या आतलं सर्किट व्हीएचएफच्या पट्ट्यात कचरा सोडतं. दिवे बंद करून एखाद्या शांत चॅनलवर खरखर थांबेपर्यंतच स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) फिरवा, मग एकेक दिवा लावा. ज्या दिव्याला खरखर परतली तो बदला. नुसता स्क्वेल्च वाढवून गप्प बसवू नका. १६ नंबरवरची मदतीची हाकही त्यातच दबते. दिव्याच्या वायरी अँटेनाच्या केबलपासून दूर न्या आणि अँटेना शक्य तितका उंच बांधा. दोन्ही बोटींचे अँटेना ४ मीटर उंच असतील तर साधारण १६ किलोमीटर पल्ला मिळतो, दीड मीटरवर तो १० वर येतो. रेडिओची चाचणी १६ वर करू नका, दुसऱ्या चॅनलवर १ वॅटने करा. मोबाइलची रेंज असेल तिथे तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लागतो. तो केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.