काकूंचा वाफा: वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न: काकू, नमस्कार. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याची खोली रिकामी आहे. तिथे लोखंडी रॅक लावून संक्रांतीनंतर टोमॅटो आणि मिरचीचं बी ट्रेमध्ये पेरलं. वरच्या दांडीला जांभळा ग्रो लाइट बांधलाय. माती म्हणजे अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं घरचं कंपोस्ट. ट्रेवर प्लास्टिकचं झाकण असतं आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी देते. टोमॅटो उगवले पण दोऱ्यासारखे लांब झाले, आणि आता रोज सकाळी त्यातले काही आडवे पडलेले असतात. खालची पानं पिवळी, पानांच्या पाठी जांभळट. मिरची जवळजवळ उगवलीच नाही. ट्रे हलवला की बारीक काळ्या माशा उठतात. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात चमचाभर १९:१९:१९ हे विरघळणारं खत देते. कोणतं औषध घालू? (रामबाग, इंदूर)

उत्तर: आधी औषधाची बाटली फडताळात ठेवा आणि ट्रे उचलून दिवसाच्या उजेडात, गॅलरीत आणा. जांभळ्या दिव्याखाली पान हिरवं आहे की पिवळं हे कोणालाच नीट दिसत नाही, सगळी पानं काळपटच दिसतात. पाठीचा जांभळा रंग खरा की दिव्याचा, तेही बाहेरच कळेल. रोप तपासायचं ते नेहमी खिडकीशी.

आता आडव्या पडलेल्या रोपाचं खोड मातीला टेकतं तिथे बघा. तिथे ते पाणचट, तपकिरी, सुतासारखं बारीक झालं असेल आणि वरची पानं मात्र अजून हिरवी असतील, तर ही मर आहे, म्हणजे कोवळं रोप बुडाशी कुजून पडण्याचा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशी मातीतली बुरशीची मंडळी हे काम करतात. ओल, कोंडलेली हवा आणि गारवा एकत्र आले की त्यांचं फावतं. या रोपावर हळद भुरभुरवा, ट्रायकोडर्मा ओता, कॉपर ऑक्सिक्लोराइड घाला, ते उठणार नाही. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, चांगला, पण तो पेरणीआधी मातीत मिसळायचा. पडलेली रोपं बोटभर मातीसकट उचलून कचऱ्याच्या गाडीत टाका, कंपोस्टात नको. खोड मातीशी जाड, घट्ट आहे आणि रोप फक्त डोकं जड होऊन कललंय, असं असेल तर ते वाचतं. तुमच्या ट्रेमध्ये दोन्ही प्रकार असणार, वेगवेगळे करा.

झाकण आजच काढा. ते बी उगवेपर्यंतच असतं, पहिला कोंब दिसला की त्याचं काम संपलं. लहान टेबलफॅन अगदी हळू, रोपं जेमतेम हलतील इतका, दिवसातले काही तास लावा. हवा खेळते आणि हलत्या रोपाचं खोड जाडही होतं.

पाणी बंद. किती दिवस, हे कॅलेंडर नाही सांगणार, ट्रे सांगेल. आत्ता उचलून वजन हाताला लक्षात ठेवा. वरचा थर फिकट झाला, ट्रे हाताला हलका लागला, की मगच पाणी. तेही खालून: बोटभर पाण्याच्या परातीत ट्रे पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग नितरू द्या. आपल्या इंदुरात दारात आलेल्याला पोहे खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत, तोच आग्रह तुम्ही रोपांना करताय. कोंबाच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

माशा त्याच ओलीच्या. माशी स्वतः रोपाचं काही खात नाही, तिच्या अळ्या मातीत कोवळी मुळं कुरतडतात आणि मरीची बुरशी इकडून तिकडे नेतात. खात्री हवी तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा, तीन-चार दिवसांनी उलटून पाहा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसल्या तर तीच ही. पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यात फक्त उडणाऱ्या अडकतात. खालची पिढी वरचा थर वाळू दिल्याने मरते.

आता ती लांबी. दिवा वरच्या दांडीला म्हणजे रोपांपासून दोन-अडीच फूट लांब. तुमच्या डोळ्यांना खोली उजळलेली वाटते, रोपाला ती संध्याकाळ वाटते आणि ते उजेड शोधत ताणतं. जांभळा दिवा फेकू नका, पण त्याच्यासाठी खर्चही नको होता. ६५०० केल्विनची साधी पांढरी एलईडी ट्यूब चालते, रोपांच्या शेंड्यापासून १५ ते २० सेंटीमीटरवर. रोपं वाढतील तशी दोरी वर ओढा. रोज १४ ते १६ तास, मग अंधार. स्वस्तातला टायमर घ्या, आठवणीवर सोडू नका.

ताणलेलं खोड आखूड होत नाही. पण टोमॅटोला एक सोय आहे: त्याच्या खोडाला मुळं फुटतात. खरी, कातरलेली पानं आली असतील तर तळाला भोकं असलेल्या कपात रोप पहिल्या जोडीपर्यंत, म्हणजे बीजपत्रांच्या (बियातून निघालेल्या पहिल्या दोन पानांच्या) जेमतेम खालपर्यंत, मातीत गाडा. धरताना पानाला धरा, खोडाला नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चुरगळलं तर संपलं. मिरचीला ही युक्ती नको, ती आहे त्याच खोलीवर लावा.

पिवळ्या पानांबद्दल: सगळ्यात खालची जोडी, गुळगुळीत कडांची, ती बीजपत्रं. ती पिवळी होऊन गळणारच. तिच्यावरची कातरलेली पानं पिवळी पडली तरच काळजी. पाठीचा जांभळेपणा बहुतेक गारव्याचा. जानेवारीत इंदूरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते, गार मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. मातीत तो आहे, म्हणून आणखी खत घालून उपयोग नाही. लिटरला चमचाभर म्हणजे पाचेक ग्रॅम, ते कोवळ्या रोपाला जास्तच. कपात हलवल्यावर आठवडाभर काही नको, मग लिटरला अर्धा ग्रॅम.

मिरचीचंही दुखणं गारवाच. तिला उगवायला २५ ते ३० अंश लागतात. उरलेलं बी नव्या ट्रेमध्ये लावून रात्री स्वयंपाकघरात ठेवा, उगवेपर्यंत उजेड लागत नाही.

कंपोस्टाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याची चीड येते मला. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात, आज कृषी महाविद्यालय आहे त्या जागेवर, कचरा-शेणाचं थरांचं खत करण्याची पद्धत बसवली. जगभर तिला ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. त्यात ढीग ठरलेल्या वेळी उलथून साधारण तीन महिने मुरू द्यायचा असतो. आणि आपण त्याच गावात बादलीतलं महिन्याचं, हाताला गरम लागणारं, केळीची साल ओळखू येणारं खत बियांना घालतो! अर्धवट कुजलेलं खत कोंबांना चटका देतं आणि माशांना बोलावतं. परीक्षा सोपी आहे: मूठभर मेथी त्यात पेरा. नीट उगवली तर खत तयार. नव्या कपांसाठी धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं मुरलेलं कंपोस्ट एक भाग, जाड वाळू एक भाग. जुन्या ट्रेची माती तशीच पुन्हा वापरू नका. ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली मे महिन्याच्या उन्हात तापू द्या.

प्रश्न: खिडकीतल्या पिटुनियाच्या रोपांची शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खत देऊनही फरक नाही. (सुदामा नगर)

उत्तर: बोरिंगचं पाणी देताय ना? आपल्या काळ्या खडकातलं हे पाणी जड असतं, त्याने माती अल्कधर्मी होते आणि रोपाला लोह उचलता येत नाही. नत्राची (नायट्रोजनची) कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते, लोहाची नव्या पानांपासून. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेव्हा रोपांची एक बादली वेगळी भरा. चिलेटेड लोह (रोपाला सहज उचलता येईल असं लोहाचं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. नवीन पान हिरवं निघालं की समजा लागू पडलं. जुनी पिवळी राहतील, त्यांच्या मागे लागू नका.

प्रश्न: काकू, हॉस्टेलच्या खोलीत ट्यूबखाली छान वाढलेली टोमॅटोची रोपं रविवारी गच्चीवर ठेवली. दुपारपर्यंत पानांवर पांढरे चट्टे! रोग का? (भंवरकुआं)

उत्तर: रोग नाही रे बाळा, ऊन लागलं. खोलीतलं पान गच्चीवरच्या उन्हाला सरावलेलं नसतं. चट्टे जाणार नाहीत, पण शेंडा हिरवा असेल तर रोप जगेल, आणि पांढरी पानं लगेच तोडू नकोस. आज आत घे. उद्यापासून सकाळचं तासभर ऊन, रोज थोडं वाढवत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण दिवस. वारा सुटला तर भिंतीच्या आडोशाला ठेव. आणि लवकर कर. पारा ३५ च्या वर गेला की टोमॅटोचं फूल गळतं, मग रोप कितीही देखणं असो, फळ धरणार नाही.