सिस्टरचा पगार आणि मॅडमचा पगार

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलीची बारावी बायो झालीये, तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय आणि घरचे अडून बसलेत की नर्सला काय मिळतं, त्यापेक्षा बीएड कर, टीचरला बक्कळ पगार, वर उन्हाळ्याची सुट्टी. मी इंदूरमध्येच 24 वर्षं प्रायव्हेट हॉस्पिटलात आहे, जाऊबाई सरकारी शाळेत, नणंद प्रायव्हेट शाळेत, त्यामुळे तिघींच्या पगाराची रडगाणी एकाच स्वयंपाकघरात ऐकलीयेत.

लोकांचं काय होतं, टीचर म्हटलं की डोळ्यासमोर सरकारी मॅडम आणि नर्स म्हटलं की कॉलनीतल्या दहा खाटांच्या नर्सिंग होममधली पोरगी. मग कसली तुलना!

सरकारी-सरकारी बघा नं. आपल्या एमपीत प्राथमिक शिक्षक, म्हणजे वर्ग तीन, यांचं मूळ वेतन 25,300 पासून, वर्ग दोनचं, म्हणजे माध्यमिक शिक्षकांचं, 32,800, वर्ग एकचं, म्हणजे उच्च माध्यमिकचं, 36,200. सरकारी नर्सिंग ऑफिसरचं 28,700. म्हणजे वर्ग तीनच्या मॅडमपेक्षा सिस्टर पुढेच! हे मी दिवाळीत जाऊबाईंना सांगितलं तर करंजीची कड दुमडता दुमडता थांबल्या, म्हणे काहीही काय. पण सिस्टरला वर्ग दोनपेक्षा खाली ठेवलंय ते मलाही खटकतं, चार वर्षांची डिग्री करून. केंद्राकडे हा फरक नाही, केंद्रीय विद्यालयाचे टीजीटी, म्हणजे सहावी ते दहावीचे शिक्षक, 44,900 ला लागतात आणि भोपाळच्या एम्समधली नर्सिंग ऑफिसर पण 44,900 ला, वर नर्सिंग भत्ता, जो सातव्या वेतन आयोगाने 7,200 केला होता.

आता प्रायव्हेट. नणंदेच्या शाळेत (नाव नको) खात्यात 21 हजार जमा व्हायचे आणि त्यातले 8 हजार दर महिन्याला पाकिटात घालून ऑफिसात परत द्यायचे, पाच वर्षं हेच. त्यामुळे टीचरला बक्कळ वगैरे तिच्यासमोर बोलू नका.

आमच्याकडे वेगळी गंमत. बिलात एक ओळ असते, नर्सिंग चार्जेस, आमच्या वॉर्डात रोजचे 600. नातेवाईक ती वाचून म्हणतात, सिस्टर, तुमचं बरंय हो. रात्री 8 ते सकाळी 8 आम्ही दोघी आणि 14 पेशंट, म्हणजे त्या ओळीचे दिवसाला 8,400, महिन्याचे अडीच लाख, आणि माझ्याबरोबर नाइटला असते त्या पोरीला हातात येतात साडेचौदा हजार. पहाटे एकीकडे सलाईन संपलेलं, दुसरीकडे सक्शन, त्यात बेल वाजतेय, आणि हँडओव्हर देऊन निघायला नऊ. म्हणजे घरच्यांना वाटतं नर्सला काहीच नाही, आणि खाटेशेजारी बसलेल्याला वाटतं हिलाच सगळं.

कागदावर सोय झालीये बरं का. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून केंद्राने कमिटी नेमली, तिने सांगितलं की 200 च्या वर खाटा असलेल्या प्रायव्हेट हॉस्पिटलने राज्य सरकारच्या नर्सइतकं द्यावं, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 मध्ये 25 टक्के कमी, आणि 50 च्या आतल्यांनी पण किमान 20,000. केरळात नर्सेस संपावर गेल्या तेव्हा कुठे 2018 ला 20,000 किमान वेतन लागलं. आमच्या मॅनेजमेंटसमोर मी एकदा हे काढलं तर चहा मागवला, विषय बदलला.

आणि सुट्टीचं म्हणाल तर जाऊबाई मे महिन्यात बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार फिरतात, डोक्यावर ओला रुमाल बांधून. तरी रात्र घरी झोपतात, हे मात्र खरं, आणि त्याची किंमत मला चाळिशीनंतर कळली.

तर मुलीला करू द्या, पण सरकारी भरतीचं लक्ष्य ठेवून. आणि ॲडमिशनच्या आधी कॉलेज नीट बघा, एमपीत नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली ती काही उगाच नाही. कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल कुठलंय विचारा आणि न सांगता दुपारी चारला तिथे जाऊन या, वॉर्डात खाटांवर माणसं आहेत की नुसत्या चादरी, ते दिसेलच.