जिन्यात बसलेला मुलगा

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन इंदुरातच फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनच्या काउंटरवर आहे. २२ महिन्यांत तिसरं हॉटेल, आता तेही सोडायचं म्हणतो. मी एकाच बँकेत ३४ वर्षं काढली. ही धरसोड कशी घालवावी? बँकेच्या परीक्षेच्या क्लासची फी मी भरून टाकली आहे. रात्री आला की बूट न काढता अर्धा तास जिन्यात बसतो. स्थळं येताहेत, लोकांना काय सांगू? – एक वडील, रामबाग, इंदूर

उत्तर : सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही क्लासची फी आणि स्थळं यांच्या मध्ये कोंबलंत. तो जिन्यात का बसतो, हे त्याला विचारलंत का? पत्रात तरी दिसत नाही. माझा अंदाज सांगतो : दार उघडलं की घरातला काउंटर सुरू होतो, म्हणून.

त्याचं काम जरा जवळून बघा. बऱ्याच हॉटेलांत चेक-आउट बाराला, चेक-इन दोनला. मधल्या दोन तासांत हाउसकीपिंगला खोल्या तयार करायच्या असतात, आणि रात्रभर प्रवास करून आलेला पाहुणा साडेबारालाच बॅगा घेऊन समोर उभा. खोली तयार नाही, यात मुलाची चूक काय? पण बोलणी त्यानेच खायची, तीही हसऱ्या चेहऱ्याने. त्यात ब्रेक शिफ्ट : अकरा ते तीन, पुन्हा सात ते अकरा. मधले चार तास ना कामाचे ना झोपेचे. ऐन लग्नसराईत एकाने नोकरी सोडली की त्याच्या ड्युट्या उरलेल्यांवर पडतात, मग त्यांतलाही एक जातो. २०२३च्या जानेवारीत इंदुरात प्रवासी भारतीय दिवस आणि लगेच गुंतवणूकदारांची परिषद झाली, तेव्हा आपल्या लोकांनी पाहुण्यांसाठी घरं उघडली. कौतुक झालं, व्हायलाच हवं. काउंटरमागची पोरं किती तास उभी होती, ते मात्र कुणी विचारलं नाही.

आता तुमची ‘धरसोड’. बँकेत माणूस एका जागी राहून वर चढतो. हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजरची खुर्ची एक आणि खाली वाट बघणारे दहा. ती रिकामी होईपर्यंत थांबण्यापेक्षा दुसऱ्या हॉटेलात वरच्या पदावर जायचं, ही या धंद्यातली नेहमीची वाट आहे. पगारही बहुधा तसाच वाढतो. दीड-दोन वर्षांनी हॉटेल बदललं तर मुलाखतीत कुणी भुवई उंचावत नाही. तुमच्या मुलाचा वेग त्याहून जास्त आहे, हे मी लपवत नाही. पण तो वेग स्वभावाचा की थकव्याचा, हे आधी बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ला आजार म्हटलं नाही; कामाच्या जागी सतत साचलेल्या, वेळीच न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे नुसतं ‘पोरगा नाजूक आहे’ म्हणून मोकळं होता येत नाही.

बँकेचं म्हणाल तर कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि पीओची (प्रोबेशनरी ऑफिसरची) वयोमर्यादा ३० आहे, घाई नाही. हॉटेलातच राहायचं असेल तर सेल्स, रिझर्व्हेशन, ट्रेनिंग असे विभाग आहेत, पाहुण्याच्या तोंडापासून जरा दूर. हॉस्पिटलांनाही फ्रंट ऑफिसची माणसं लागतात, पण तिथले नातेवाईक हॉटेलच्या पाहुण्यांपेक्षा मवाळ असतील असं समजू नका.

मात्र यातलं काहीही आज त्याच्यासमोर मांडू नका. तिन्ही ठिकाणी नेमकं काय बिनसलं, एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. तिन्हीकडे वरिष्ठ आणि ड्युटीचं वेळापत्रक नडलं असेल, तर चौथं हॉटेल नीट चौकशी करून निवडता येईल. पाहुणा समोर आला की पोटात गोळा येत असेल, तर विभाग बदलायचा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी डॉक्टर. किंवा मानसिक त्रासावर बोलण्यासाठी टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे.

स्थळवाल्यांना सांगा, मुलगा नोकरी करतो. खोटं नाही ते. आणि क्लासची फी परत मिळते का, तेवढं उद्या जाऊन बघा.