कॅथलिक पक्षाचा मुरलेला पुढारी आंटोन रिंटेलन नाझींच्या बंडात कसा सापडला?

तुमचा प्रश्न असा, की ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन सोशल या कॅथलिक पक्षात हयात घालवलेला माणूस 1934 मध्ये नाझींचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, व्हायला तयार कसा झाला. रिंटेलनचं मन एका रात्रीत पालटलं, असं मला अजिबात वाटत नाही. निवडणुकीत न मिळणारी ताकद बंदूकवाल्यांकडून उसनी घ्यायची, ही सवय त्याला पंधरा वर्षांपूर्वीच जडली होती.

तो ग्राझचा, कायद्याचा प्राध्यापक. 1919 मध्ये स्टायरिया प्रांताचा प्रमुख झाला आणि मधली दोनेक वर्षं सोडली तर 1933 पर्यंत खुर्ची त्याच्याकडेच राहिली. लोक त्याला ‘राजा आंटोन’ म्हणत. ब्रुक, लेओबेन, डोनाविट्झ या पोलादाच्या पट्ट्यात समाजवादी कामगार संघटना जबरदस्त होत्या. त्यांना आवर घालायला त्याने हाइमवेअर या सशस्त्र टोळ्यांना पहिल्यापासून पाठीशी घातलं. 1927 मध्ये व्हिएन्नात न्यायभवन जळालं, पोलिसांच्या गोळीबारात कितीतरी माणसं मेली, देशभर संप झाला. स्टायरियात तो संप मोडायला हाइमवेअर रस्त्यावर उतरली. तिथून कारखानदारांचा पैसाही या टोळ्यांकडे वाहू लागला.

माझ्या मते कळीचा प्रसंग 1931 चा. 13 सप्टेंबरला स्टायरियातल्या हाइमवेअरचा म्होरक्या वाल्टर फ्रिमर याने आपण देशाची सत्ता हाती घेतल्याचं जाहीर केलं. त्याच्या माणसांनी रस्ते अडवले, सरकारी कचेऱ्या ताब्यात घेतल्या, कापफेनबर्गला कामगारांवर गोळ्या झाडल्या. प्रांतप्रमुख रिंटेलन ग्राझमध्येच होता, पण बंड मोडायची त्याला घाई नव्हती. लष्कर रमतगमत पोचलं, बंडखोर हत्यारांसकट घरी गेले. फ्रिमर युगोस्लाव्हियात पळाला. पुढे परतला आणि डिसेंबरमध्ये ग्राझच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. प्रांताचा कारभार ज्याच्या हातात, त्यानेच राजद्रोहाकडे काणाडोळा केला. मला याची आजही चीड येते, कारण तेव्हा कायदा कडकपणे चालवणं पूर्णपणे शक्य होतं.

1933 मध्ये चॅन्सेलर डॉलफुसने संसद बंद पाडली आणि स्टायरियातली हाइमवेअर बहुतांशी नाझींना जाऊन मिळाली. म्हणजे रिंटेलनने पोसलेली फौजच तिकडे गेली. डॉलफुसला रिंटेलनसारखा प्रतिस्पर्धी जवळ नको होता, म्हणून त्याला राजदूत करून रोमला धाडलं. तिथे त्याचे नाझींशी धागे जुळले.

25 जुलै 1934. लष्करी गणवेश घातलेले एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेचे दीडशेवर लोक व्हिएन्नात चॅन्सेलरच्या कचेरीत घुसले. त्यांनी डॉलफुसला गोळ्या घातल्या. डॉक्टर नाही, धर्मगुरू नाही, तो तसाच रक्तस्रावाने गेला. दुसऱ्या तुकडीने रेडिओ केंद्र काबीज करून सांगितलं की डॉलफुस सरकारने राजीनामा दिला, कारभार डॉ. रिंटेलन यांनी स्वीकारला. हे डॉ. रिंटेलन तेव्हा शहरातच, हॉटेल इम्पीरियलमध्ये उतरलेले. बंड फसलं, त्याला संरक्षण मंत्रालयात नेऊन अडकवून ठेवलं, तिथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला. 1935 मध्ये जन्मठेप झाली.

तो मनाने कट्टर नाझी होता का? मला तसं वाटत नाही. त्याला व्हिएन्नाची खुर्ची हवी होती आणि ती कोण मिळवून देतंय याची त्याला फिकीर नव्हती. 1938 मध्ये तो तुरुंगातून सुटला. त्या मार्चमध्ये नाझींच्या दबावाखाली चॅन्सेलरपद मिळालं ते मात्र झाइस-इन्क्वार्ट या ऑस्ट्रियन नाझी नेत्याला.