रुग्णालय एकच, तरी बरे होण्यात फरक का?

प्रश्न : अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतंत्र रुग्णालये आहेत. तरीही तिथे शस्त्रक्रियेनंतर कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा जास्त त्रास होतो, असे वाचले. उपचार मिळण्याचाच प्रश्न नसेल, तर हे का होते?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : या 'व्हीए' (व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे माजी सैनिकांचे सरकारी खाते) रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर काय झाले याची पद्धतशीर नोंद १९९० च्या दशकापासून ठेवली जाते, म्हणून हा फरक निदान उजेडात तरी आला. गुडघेबदलावरच्या २००५ च्या अभ्यासात कृष्णवर्णीय माजी सैनिकांमध्ये पहिल्या ३० दिवसांतला जंतुसंसर्ग आणि इतर गुंतागुंत जास्त आढळली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता.

याचे कारण वंशात शोधू नये. याच व्यवस्थेतल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांवरील २०२० च्या अभ्यासात कृष्णवर्णीयांची स्थिती गोऱ्यांपेक्षा वाईट आढळली नाही. म्हणजे पाहायचे ते रुग्णाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येते ते. ऑपरेशनला उशीर झाला का, मधुमेह आणि रक्तक्षय आधी आटोक्यात आणला का, दुखतेय म्हटल्यावर कोणी ऐकले का?

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेच पाहा. ते कातडीतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजते. गडद त्वचेत हा अंदाज चुकतो आणि आकडा बहुधा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. 'व्हीए'च्या वॉर्डांमधल्या २०२२ च्या अभ्यासात यंत्र ९२ किंवा त्याहून जास्त दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण गोऱ्यांत १५.६ टक्के होते, कृष्णवर्णीयांत १९.६ टक्के. भुलीचा अंमल आणि अफूजन्य वेदनाशामके यांनी श्वास मंदावलेला असतो, नेमक्या त्या वेळी ऑक्सिजन कमी पडतोय हे नर्सच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडच्या सावळ्या हातांनाही हे लागू आहे. नेलपॉलिश काढा, बोट गरम ठेवा, एका आकड्यापेक्षा घसरण पाहा. रुग्ण धापा टाकतोय किंवा बरळतोय आणि यंत्र ९३ दाखवतेय, तर धमनीतल्या रक्ताची तपासणी मागा.

दुसरा उपाय म्हणजे सगळ्यांना एकच ठरलेला क्रम. हा पुरावा 'व्हीए'बाहेरचा, अलाबामा विद्यापीठाच्या रुग्णालयातला आहे. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिथे कृष्णवर्णीय रुग्ण जास्त दिवस अडकून पडत. मग नियम बांधले गेले: भुलीच्या २ तास आधीपर्यंत पाणी, वेदनेसाठी आधीच ठरलेली औषधे, लवकर खाणे, लवकर चालवणे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो फरक उरला नाही. 'या रुग्णाला चालेल', 'याला नको' असे प्रत्येक वेळी मनाने ठरवायला जागा राहिली की पूर्वग्रह तिथूनच शिरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वडिलांचा गुडघा बदलला आहे. कातडी काळसर असल्याने लाली कळत नाही. जखम पिकतेय हे कसे ओळखावे?

उत्तर : लालीची वाट पाहू नका. अशा त्वचेवर ती जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा गडद दिसते, कातडी ताणलेली आणि चकाकणारी होते. दिवसाउजेडी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहा आणि हाताच्या पाठीने स्पर्श करा. ऑपरेशन झालेला गुडघा काही आठवडे कोमट राहतोच. पण कमी होत आलेली ऊब, सूज किंवा दुखणे पुन्हा वाढू लागले, आठवड्यानंतरही पाझर थांबला नाही किंवा ताप १०१ च्या वर गेला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. घरात उरलेली अँटिबायोटिक सुरू करू नका; त्याने सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि नेमके औषध ठरवता येत नाही.